धाकूच्या धाटणीचं गाणं

त्या वर्षांत रत्नागिरीच्या बंदरावर हळद लागली आणि धाकू नाखव्याची कॅसेट वाजली नाही, असं एक लग्न दाखवा! नवरा काळा असो, मांडव फाटका असो, सार पाणचट असो, सगळं चालून जायचं. धाकूची गाणी नसली तर मात्र बायका रुसून बसायच्या. ‘बाबल्या’ हे गाणं लागलं की गुडघे धरून बसलेली म्हातारीसुद्धा पदर खोचून उभी राहायची.

त्याची धाटणी अशी, की आंधळ्यानंही ओळखावी. पहिल्या कडव्यात चूल. काय शिजतंय, सार कशाचं, कोकम किती पडलं. दुसऱ्या कडव्यात वारा. कुठून सुटलाय, भरती कुठवर चढलीय. आणि शेवटच्या कडव्यात बाई आपल्या माणसाला जेवायला हाक मारणार. नुसतं नाव घेऊन नाही, घराची खूणही सांगून. जोडमाडाखालच्या घरच्या बाबल्या, विहिरीपल्याडच्या सोनू, पाट मांडलाय, भात निवलाय, ये. इथं ढोलकी अशी उसळायची की नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. प्रेमाचं गाणं लिहावं तर धाकूनं, असं लोक म्हणत. कित्येकांनी पोरांची नावंही त्या गाण्यांवरून ठेवली.

धाकू स्वतः हेदवीच्या बाजूला कुठल्याशा वाडीत राहायचा. त्याचा फोटो कुणी पाहिला नव्हता. आणि गेली काही वर्षं त्यानं नवी ओळ लिहिली नव्हती. का, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. जुन्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजत होत्या, लोकांना आणखी काय पाहिजे?

पाहिजे होतं ते गिरगावातल्या महिपतशेटला. धाकूची गाणी कॅसेटवर आणली ती त्यानंच. आता धाकू गप्प, आणि दुकानदार रोज विचारणार, नवीन कधी? महिपतशेट मूळचा राजापूरकडचा, शिमग्याला गावी यायचा. त्या वर्षी परतताना रत्नागिरीत एका हळदीला गेला आणि तिथं त्यानं एक गाणं ऐकलं. चूल होती, वारा होता, हाक होती. शेट पान चघळायचा थांबला. हे धाकूचं कुठलं गाणं, आपल्याला कसं माहीत नाही? कुणीतरी सांगितलं, धाकूचं नाही हो, आमच्या भिकाजीचं.

भिकाजी मिरकरवाड्यावर बर्फाच्या कारखान्यात होता. लाद्या फोडायच्या आणि लाँचींवर चढवायच्या, हे त्याचं काम. राहायला मिऱ्याला. भजनात पेटी वाजवायचा आणि जरा स्वतःच्या अकलेवर खूश असायचा. आता खरं सांगायचं, तर स्वतःचं म्हणून काही लिहायला बसला की त्याला दोन ओळी जुळत नसत. तोंडात भाताचा मोठा घास भरल्यासारखं व्हायचं. पण धाकूसारखं लिही म्हटलं, की हात आपोआप चालायचा. धाकू कुठं श्वास घेईल, कुठं शब्द ओढील, कुठल्या माशाचं नाव कुठल्या यमकाला आणील, सगळं त्याला आतून माहीत. काही माणसं दुसऱ्याची सही हुबेहूब करतात ना, तसं. फक्त यात पोलीस येत नाहीत.

महिपतशेटनं तिथल्या तिथं सहा गाणी मागितली. भिकाजीनं पाच लिहिली आणि स्वतःच नाराज झाला. चूल बरोबर होती, वारा बरोबर होता, पण हाकेपाशी गाणं पडत होतं. त्याला कारण सापडलं. नावं हवेतली होती. धाकूच्या गाण्यातला बाबल्या खरा वाटायचा, त्याच्या घरावरचे माड खरे वाटायचे. भिकाजीचे किसन आणि गोविंद कुठल्या घरचे, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

हे त्यानं जेवताना बोलून दाखवलं तेव्हा मेहुणा समोरच होता. रघू, बायकोचा, म्हणजे राहीचा धाकटा भाऊ. तिशीही न गाठलेला, पण एका शेटच्या लाँचीवर तांडेल. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि सहा खलाशांचे जीवही. बाप लवकर गेला, आई आवडाबाईनं मासळी विकून वाढवला. स्वभावानं हौशी, जरा मिरवणारा. तो लगेच म्हणाला, भावोजी, माझं नाव घाला की. राहीनं नवऱ्याकडं पाहिलं, नवरा ताटावरून उठलाच. हात न धुता लिहायला बसला.

*भात निवला, सार निवलं, दिवा लागला दारी,*
*उंडीखालच्या रघू तांडेला, कधी येशील घरी?*

आवडाबाईच्या अंगणात उंडीचं मोठं झाड होतं, सगळ्या मिऱ्याला माहीत असलेलं. गाणं पुरं झालं आणि भिकाजीच्या अंगावर काटा आला. हे आधीच्या पाच गाण्यांसारखं नव्हतं. हे धाकूनंच लिहिलं असतं.

कॅसेट एप्रिलात आली. वर मोठ्या अक्षरात धाकू नाखवा, त्याखाली बारीक अक्षरात ‘यांच्या धाटणीची गीते’, आणि भिकाजीचं नाव आतल्या कागदावर, मुंगीएवढं. पण गाणं पेटलं! वैशाखातल्या लग्नांत ‘बाबल्या’ मागं पडला आणि ‘रघू तांडेल’ पुढं आला. एसटी स्टँडावर, हॉटेलात, नाखव्यांच्या दारात, जिथं टेप तिथं रघू. पोरी त्याला बघून पदर तोंडाशी धरायच्या. तो बंदरावरनं चालायचा तेव्हा खलाशी मागनं ओरडायचे, रघू तांडेला, पाट मांडलाय! रघू लाजायचा, पण चाल मात्र सावकाश ठेवायचा. सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे ना.

पावसाळ्यात लाँची किनाऱ्यावर चढल्या, बर्फाचं काम थंडावलं, आणि श्रावणात भिकाजीच्या मनानं घेतलं की धाकूला भेटून यावं. आशीर्वाद घ्यायला, असं त्यानं राहीला सांगितलं. कसला आशीर्वाद! शाबासकी पाहिजे होती त्याला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. जयगडची खाडी ओलांडायची तर-होडी पावसात बंद, तेव्हा चिपळूण, गुहागर असा वळसा घालत, दोन एसट्या बदलून, चिखल तुडवत तो त्या वाडीत पोचला.

धाकू पडवीत बसला होता. बुटका, काळा म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू. भिकाजीनं नारळ पुढं ठेवला, पाय धरले, नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं नाव ओळखलं. कॅसेट महिपतनंच पाठवली होती म्हणे. चांगलं जुळवतोस, म्हणाला. चुलीची कडवी तर माझ्याहून बरी आहेत. भिकाजी फुलला. एवढ्यासाठीच तर तो चिखल तुडवत आला होता. मग म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला.

"रघू कधी गेला?"

"कुठं गेला?"

"दर्यात. कुठल्या साली गेला?"

भिकाजीला हसू आलं. तो म्हणाला, नाना, रघू माझा मेहुणा, चांगला धडधाकट आहे. नारळी पुनवेला लाँच पाण्यात घालायची म्हणून रंग लावत बसलाय.

धाकू हसला नाही. त्यानं आत बायकोला हाक मारून पाणी मागितलं. येसूबाई, वाळकी, पांढऱ्या केसांची, तांब्या ठेवून आत गेली. म्हाताऱ्यानं पाण्याला हात लावला नाही. ती माजघरात पोचल्याची खात्री करून मग तो बोलायला लागला, आणि बोलताना भिकाजीकडं बघत नव्हता.

त्यांच्या वाडीत एक रीत होती. इतर कुठं असेल नसेल. होडी परत आली नाही, माणूस सापडला नाही, की त्याच्या घरची बाई भात शिजवायची, पाट मांडायची, दिवा लावायची आणि तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला जाऊन त्याला जेवायला हाक मारायची. नाव घेऊन आणि घराची खूण सांगून, म्हणजे जीव दुसऱ्याच्या दारात घोटाळायला नको. जिवंत माणसाला तशी हाक कुणी मारत नसे. बाबल्या हा धाकूचा थोरला भाऊ. आईच्या लुगड्याला धरून धाकू तेव्हा पाण्यात उभा होता, ती हाक त्याच्या डोक्यात राहिली, आणि मोठेपणी त्यानं तिचं गाणं केलं. मग वाडीतल्या गेलेल्या एकेकाचं केलं. गाणी संथ होती. ढोलकी मुंबईला बसली. त्यानं विरोध केला नाही, कारण त्याला वाटलं, कसं का होईना, पोरांची नावं लोकांच्या तोंडात राहतील.

"आणि सोनू?" भिकाजीनं विचारलं. ते गाणं त्याचं सगळ्यात आवडतं.

सोनू त्याचा मुलगा. हाक मारली होती येसूबाईनं. ते गाणं गाजलं आणि एका वर्षी लग्नाची वरात त्याच गाण्यावर नाचत त्यांच्या दारावरून गेली. येसूबाई उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. त्या दिवसापासून धाकूनं लिहिणं सोडलं.

 भिकाजीनं विचारलं, मग तुम्ही लोकांना सांगितलंत का नाही? म्हातारा म्हणाला, काय सांगू, नाचू नका म्हणून? मग पहिल्यांदा त्यानं भिकाजीकडं नीट बघितलं.

"भिकाजी, गाण्यानं काय होत नाय. गाणं काय करणार? पण माणसांना कळलं, तर माणसं करतील. हे इथंच टाकून जा. बायकोलासुद्धा सांगू नको."

किती सोपी गोष्ट सांगितली होती हो म्हाताऱ्यानं! गप्प बसायचं, एवढीच. दर्यावर जाण्याची नाही, ओझं उचलण्याची नाही, नुसतं तोंड मिटण्याची. पण भिकाजीच्या पोटात भीती होती, आणि भीतीच्या शेजारी दुसरंही काही होतं, जे तो स्वतःशीही कबूल करणार नाही. धाकू नाखव्याच्या गाण्यांचं गुपित साऱ्या रत्नागिरीत आता त्याला एकट्याला माहीत होतं. एवढं मोठं काही पोटात घेऊन माणूस गप्प झोपतो होय? घरी आल्यावर राहीनं विचारलं, काय म्हणाले नाना, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. वर बजावलं, कुणाला बोलू नकोस.

राही बहीण होती. ती नाही बोलली तर कोण बोलणार? ती आईकडं रडत गेली. आवडाबाईनं ऐकून घेतलं, लेकीला गप्प केलं, पण तोवर शेजारीण पाट्यावरचं वाटण थांबवून उभी राहिली होती. पुढचं सांगायला नको. गोष्ट षट्कर्णी झाली आणि नारळी पुनवेच्या आत बंदरावर पोचली. आणि पोचताना तिचं रूप असं झालं, की हेदवीच्या म्हाताऱ्यानं सांगितलंय, रघू तांडेलाच्या नावाची मेलेल्याची हाक पडलीय.

पुनवेला सोन्याचा नारळ दर्याला दिला, गुलाल उडाला, लाँची पाण्यात उतरल्या. रघूच्या लाँचीवर दुसऱ्या दिवशी सहातले तीनच खलाशी आले. एकाची आई आजारी, एकाचा पाय मुरगळला, एकाला मुंबईहून बोलावणं. त्याच्या पुढच्या दिवशी एकच आला, बाळाकाका, सगळ्यांत म्हातारा. तोही आत चढला नाही. रघूच्या बापाबरोबर त्यानं जाळी ओढली होती, म्हणून निदान तोंडावर सांगायला आला होता.

"आमचा तुझ्यावर राग नाय रघू. पण तुझी हाक पडली. चुकून पडली, हे आमाला कळतंय. दर्याला कसं कळायचं?"

लाँचीचा शेटही वाईट माणूस नव्हता. त्यानं रघूला घरी बोलावलं, चहा पाजला, आणि लाँच या हंगामापुरती दुसऱ्या तांडेलाच्या ताब्यात दिली. रघू दुसऱ्या लाँचीवर साधा खलाशी म्हणून जायला निघाला. तिथंही कुणी घेईना. तांडेलाला खलाशी करून घ्यायला लोक संकोचतात, असं तोंडानं म्हणायचे. कालपर्यंत मागनं ओरडणारे आता तो आला की बोलणं थांबवायचे. टेप मात्र थांबत नव्हते. हॉटेलवाल्याला काय त्याचं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग रघू भिकाजीकडं आला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, भावोजी, म्हातारा खरंच असं बोलला? भिकाजी म्हणाला, नाही रे, लोकांनी वाढवलंय. राही चुलीपाशी बसली होती, तिनं मान वर केली नाही. रघूनं बहिणीकडं पाहिलं आणि त्याला उत्तर मिळालं.

त्यानंतर भिकाजीनं धडपड केली, नाही असं नाही. पोस्टात जाऊन महिपतशेटला ट्रंककॉल लावला, गाणं काढून टाका म्हणून विनवलं. शेट म्हणाला, वेडा झालास काय, गणपतीसाठी नवीन माल निघतोय, पहिलं गाणं तेच आहे. बंदरावर उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, मी थाप मारली होती, धाकूनाना तसं काही बोललेच नाहीत. लोकांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांकडं बघितलं. मेहुण्यासाठी खोटं बोलतोय बिचारा, म्हणाले. करायला गेला गणपती, झाला मारुती.

आणि रघूच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. दर्यावर जायचं आणि परत यायचं. एकदा परत आलो की हाक खोटी ठरली, खलाशी आपोआप येतील. बापाची जुनी शिडाची होडी अंगणात पालथी पडली होती. ती त्यानं डांबर लावून उभी केली. आता ती होडी दोघांची. एक शिडाला, एक सुकाणूला. वारा फिरला की शीड एका माणसानं सोडायचं आणि त्याच क्षणी होडीचं तोंड दुसऱ्यानं वळवायचं. हे शेंबड्या पोरालाही माहीत. रघूला तर जास्तच.

तेव्हा तो पुन्हा भिकाजीकडं आला, कारखान्यावर. भिकाजी बर्फाच्या भुशात उभा होता.

"भावोजी, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्हाला काय करायचं नाय, नुसतं सुकाणू धरून बसा. आणि गाणं लिहिणाराच होडीत बसला, तर कोण काय बोलेल?"

बरोबर होतं त्याचं. याहून बरोबर काही नव्हतंच. भिकाजीला पोहता येत होतं, होडीत तो लहानपणापासून बसलेला. एका फेरीत लोकांची तोंडं मिटली असती. त्यानं बघितलं, रघूचे ओठ सुकले होते, दाढी वाढली होती, आणि तो पहिल्यांदाच मिरवत नव्हता. भिकाजीनं तोंड उघडलं आणि तो म्हणाला, या आठवड्यात कारखान्यावर सुट्टी मिळत नाही रे. पुढच्या आठवड्यात बघू.

कारखान्यावर सुट्टी मागितलीच नव्हती त्यानं. भ्याला तो. ती हाक त्यानंच लिहिली होती, ती लिहिताना त्याच्याच अंगावर काटा आला होता, आणि आता ती त्याला सगळ्यांपेक्षा जास्त खरी वाटत होती.  रघू बरं म्हणाला आणि गेला. त्यालाही कळलं असणार. बाळाकाकानं निदान कारण तरी खरं सांगितलं होतं.

रघू एकटा गेला. संध्याकाळी बांगडे घेऊन परत आला. मिऱ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून त्यानं टोपलं सगळ्यांना दाखवलं. लोकांनी बांगडे घेतले. खलाशी म्हणाले, किनाऱ्याजवळ गेला होतास, तिथं काय, पोरंही जातात. दुसऱ्या खेपेला तो भगवतीच्या दीपगृहापलीकडं गेला आणि परत आला. म्हणाले, वारा पडलेला होता आज. तिसऱ्या खेपेला त्याहून लांब. म्हणाले, हाक लगेच ओढते असं थोडंच आहे? आता याला काय उत्तर आहे, सांगा. मेल्याशिवाय ज्याचा निकाल लागत नाही, असल्या खटल्यात तो सापडला होता. प्रत्येक खेपेला आवडाबाई उंडीखाली उभी राहायची. जाऊ नको म्हणाली नाही ती. न जाऊन काय करणार, हे तिला दिसत होतं. लोकांनी त्याला घरात बसवून जिवंतपणीच त्याचं उत्तरकार्य उरकलं असतं.

गणपती दोन दिवसांवर आले होते. मुंबईची माणसं उतरत होती, घराघरात मखरं चालू होती. दुपारनंतर वारा एकदम फिरला, पाऊस आडवा आला. सगळ्या लाँची तासाभरात बंदरात शिरल्या. एका लाँचीवरून बाळाकाकानं रघूची होडी बघितली होती, लांब, शीड अर्धं उतरलेलं. रघू शीड सोडायला धावला की होडी आडवी होत होती, सुकाणूकडं धावला की शीड फडफडत होतं. लाँच वळवा म्हणून बाळाकाका ओरडला. तांडेल वळवायला तयार होता, खलाशी तयार झाले नाहीत. त्याला बोलावणं आलंय, आपण मधे कुठं पडायचं, असं कुणीतरी म्हणालं. कोण ते बाळाकाकानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

होडी दुसऱ्या दिवशी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पालथी सापडली. सुकाणूला दोर बांधला होता, एकट्याला दोन्ही सांभाळता यावं म्हणून. रघू कुठंच सापडला नाही. सुकाणूवर एक माणूस असता तर रघू आज असता. हे बंदरावरच्या प्रत्येकाला कळत होतं आणि एकानंही ते उच्चारलं नाही. सगळे म्हणाले, हाक होती ना.

गणपती बसले. मंडळाच्या मांडवात कुणा मुंबईकर पोरानं नवी कॅसेट लावली, पहिलं गाणं तेच. कुणीतरी धावत जाऊन बंद केलं, पण तोवर दोन कडवी झाली होती. भिकाजी घरात भिंतीकडं तोंड करून बसला होता. राही त्याच्याशी बोलत नव्हती. भात वाढायची, पाणी ठेवायची, आणि आईकडं जाऊन बसायची.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आवडाबाईनं लेकीला सांगितलं, हेदवीच्या बायका करतात तसं मला करायचंय. रडली नव्हती ती अजून. तिनं भात घातला, बांगड्याचं सार केलं, उंबऱ्यात पाट मांडला, दिवा लावला. राहीनं नवऱ्याला बोलावलं नव्हतं, तोच मागं मागं गेला. सूर्य पाण्याला टेकत होता. वाडीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या, पण पुढं कुणी आलं नाही.

आवडाबाई गुडघाभर पाण्यात गेली. हातांचा आडोसा तोंडाशी धरला, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"उंडीखालच्या रघू तांडेला..."

हाक चालीत आली. कॅसेटवर गाणाऱ्या मुंबईच्या बाईनं जिथं आवाज चढवला होता तिथंच म्हातारीचा चढला, जिथं तिनं लाडिक मुरड घातली होती तिथंच मुरडला. चार महिने दिवसरात्र कानांवर आदळलेलं ते, दुसरं काय येणार? आवडाबाई मधेच थांबली. पदरानं तोंड पुसलं. पुन्हा श्वास घेतला, या खेपेला नुसतं ‘रघू’ म्हणायला गेली. तेही ढोलकीच्या ठेक्यावर पडलं. तिसऱ्या खेपेला तिनं डोळे गच्च मिटले, ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. लहानपणापासून ती त्याला अंगणातून हाक मारायची, जेवायला, शाळेत जायला, मार खायला. ती हाक ती शोधत होती. भिकाजीनं ती शेकडो वेळा ऐकली होती. त्यानंही आठवून बघितली, आणि त्यालाही गाणंच ऐकू आलं.

ती पाण्यातून बाहेर आली. राहीनं तिला धरलं. भिकाजी वाळूत मान खाली घालून उभा होता, त्याच्यासमोर येऊन ती थांबली. जावयाशी ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही.

"पोरगा दर्यानं नेलान," ती म्हणाली. "त्याची हाक तुम्ही नेलीत."